प्रवाळांची प्रकृती आकाशातून कळते का? गोव्याच्या पाण्यात उपग्रह कुठे थांबतो आणि पाणबुड्याला कुठे उतरावे लागते

सुरतच्या उधना परिसरात मराठी भाषकांची, त्यातही खानदेशातून रोजगारासाठी येऊन तेथेच स्थिरावलेल्या कुटुंबांची, मोठी वस्ती आहे. उधना जंक्शनवरून फुटणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून जळगावकडे जातो. त्या खोऱ्यातील माती मात्र उलट दिशेने प्रवास करते. पावसाळ्यात तापी ती सुरतेपर्यंत वाहून आणते आणि खंबातच्या आखातात सोडते. उकाईच्या धरणाने गाळाचा बराच भाग अडवला, तरी उधन्यापासून जवळच असलेल्या डुमसच्या काळ्या वाळूवर उभे राहिले, तर समोर दिसते ते पाणी निळे नसते, चहाच्या रंगाचे असते. नर्मदा, मही आणि साबरमती याही नद्या याच आखाताला मिळतात, आणि देशातील सर्वात जोरकस भरती-ओहोटींपैकी एक येथे असल्याने हा गाळ तळाशी निवांत बसू शकत नाही. सूर्यप्रकाश काही हातांपलीकडे पोहोचत नाही. या पाण्यात प्रवाळभित्तिका उभी राहत नाही.

सौराष्ट्राचा भूभाग ओलांडून पलीकडे गेले की चित्र पालटते. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला, जामनगरच्या बाजूस, पिरोटन, नरारा अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी प्रवाळ उघडे पडतात आणि त्यांच्यातून चालत जाता येते. १९८२ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. एकाच राज्यात, एकाच अरबी समुद्राची दोन आखाते. एकात प्रवाळ नाहीत, दुसऱ्यात शेकडो चौरस किलोमीटर. फरकाची कारणे अनेक आहेत, पण पाण्याचा गढूळपणा हे त्यांतले ठळक कारण. नेमकी हीच गोष्ट, म्हणजे पाणी किती नितळ आहे, उपग्रहाला समुद्राच्या तळातले काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हेही ठरवते.

गोव्याच्या वाचकाला याच्याशी कर्तव्य आहे, कारण गोव्यालाही प्रवाळ आहेत. मुरगावच्या किनाऱ्यासमोर असलेल्या ग्रँड आयलंडच्या खडकांवर पाण्याखाली प्रवाळांच्या वसाहती आहेत. ‘डॉल्फिन दाखवतो, स्नॉर्कलिंग करवतो’ म्हणून पर्यटकांना ज्या बेटाकडे नेले जाते, तेच हे बेट. उत्तरेला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणचे प्रवाळ आहेत. ते १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतात. लक्षद्वीपसारखी अथांग, सलग भित्तिका यांपैकी कुठेही नाही. खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या, वाटीसारख्या पसरट आणि घुमटासारख्या गोल वसाहती आहेत. गाळ सहन करणाऱ्या जाती येथे टिकल्या आहेत. नद्यांच्या मुखाजवळचे पाणी, पावसाळ्यात लाल मातीचा लोंढा आणि उरलेल्या आठ महिन्यांत कधी निवळणारा, कधी पुन्हा ढवळणारा समुद्र, अशा परिस्थितीत या वसाहती जगतात. खंबातच्या आणि कच्छच्या आखातांच्या मधली ही अवस्था आहे, आणि निरीक्षणाची खरी अडचण याच मधल्या अवस्थेत आहे.

पांढरे पडणे म्हणजे काय

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. पॉलिप नावाचे, बहुधा काही मिलिमीटर आकाराचे असंख्य जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा रचतात. ती वसाहत म्हणजे आपण ज्याला पोवळ्याचे झाड समजतो ते. या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. राहायला जागा प्रवाळ देतो. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट, पिवळसर रंगही बहुतांशी या शैवालाचाच.

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा साधारण एक अंशाने वर जाऊन तसेच टिकून राहिले, तर ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो, पारदर्शक कायेतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो: पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ. तसे नाही. तो जिवंत असतो, पण उपाशी. काही आठवड्यांत पाणी थंड झाले तर शैवाल परत येते आणि तो सावरतो. नाही झाले तर तो मरतो, आणि मग काही दिवसांतच त्याच्या सांगाड्यावर दुसरेच, केसाळ शैवाल चढू लागते. हा क्रम लक्षात ठेवावा. पुढे उपग्रहाच्या मर्यादांचा विचार करताना त्याचे महत्त्व कळेल.

जगभर अशी व्यापक विरंजने १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाली. चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व वातावरणविषयक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. पुढच्या वर्षभरात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकेल इतक्या उष्णतेची झळ पोहोचली होती. मालवण आणि ग्रँड आयलंड या दोन्ही ठिकाणच्या विरंजनाच्या नोंदी २०१४ नंतरच्या काही वर्षांत दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेशी निगडित संशोधकांनी प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा हा दूरच्या ऑस्ट्रेलियाचा विषय नव्हे.

आकाशातला ताप मोजणारा

उपग्रह प्रवाळांबाबत दोन अगदी वेगळी कामे करतात, आणि बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते. पहिले काम समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजणे. दुसरे, तळाचे चित्र घेणे. पहिल्या कामासाठी प्रवाळ दिसण्याची गरजच नसते.

तापमानावरून इशारा कसा दिला जातो, हे एका उदाहरणाने समजेल. समजा, एखाद्या ठिकाणी वर्षातील सर्वात उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. मग ३१ अंश ही तेथील धोक्याची रेषा. पाणी ३२ अंशांवर गेले, म्हणजे सरासरीच्या दोन अंश वर, आणि तसे दोन आठवडे राहिले, तर दोन गुणिले दोन, असा चारचा आकडा जमा झाला. मागच्या बारा आठवड्यांतील अशा सगळ्या तापाची बेरीज केली की जो अंक मिळतो, त्याला तापमान-आठवडे म्हणता येईल. एक अंशापेक्षा कमी वाढ या बेरजेत धरत नाहीत. बेरीज चारवर गेली की लक्षणीय विरंजनाची शक्यता. आठवर गेली की व्यापक विरंजन आणि प्रवाळ मरू लागण्याची शक्यता. २०२३ मधली उष्णता इतकी होती की ‘नोआ’ला आपल्या इशाऱ्यांच्या श्रेणीत वरच्या आणखी तीन पायऱ्या वाढवाव्या लागल्या. जुनी मोजपट्टीच अपुरी पडली.

भारतात हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था करते. वादळ, त्सुनामी आणि मासेमारीच्या संभाव्य जागा यांविषयीच्या तिच्या सूचना गोव्यातील मच्छीमारांना परिचित आहेत. प्रवाळ विरंजनाचा इशारा देणारी तिची व्यवस्था २०११ पासूनची. मात्र ती आखली गेली ती अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आखात आणि मन्नारचे आखात या पाच मोठ्या क्षेत्रांसाठी. मालवण-गोव्याच्या विखुरलेल्या वसाहती त्या आखणीत नव्हत्या. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ते समजण्याजोगे आहे. गोव्याच्या हिशेबाने नाही.

तापमान मोजण्यातही खाचाखोचा आहेत. अवरक्त किरणांवर चालणारे उपकरण ढगांतून पाहू शकत नाही. सूक्ष्मलहरींवर चालणारे पाहू शकते, परंतु त्याचा एक ठिपका पंचवीस-पंचवीस किलोमीटरचा असतो. तेवढ्यात किनारा, नदीचे मुख आणि बेट सगळेच येते आणि जमिनीच्या सान्निध्याने मोजमाप बिघडते. शिवाय उपग्रह मोजतो ते पाण्याच्या वरच्या अगदी पातळ थराचे तापमान. प्रवाळ आहे सात-आठ मीटर खाली. म्हणून तळाशी खडकाला बांधून ठेवलेली, तासातासाला तापमान नोंदवणारी लहानशी यंत्रे लागतात. ती स्वस्त असतात, पण कोणी तरी बुडी मारून लावावी आणि काढावी लागतात.

शंभर चौरस मीटरचा एक ठिपका

आता दुसरे काम, चित्राचे. अहमदाबाद येथील इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या प्रतिमांवरून देशातील प्रवाळक्षेत्रांचे नकाशे तयार केले. १९९७ मध्ये पुढे आलेल्या त्या अंदाजानुसार देशातील प्रवाळक्षेत्र सुमारे २,३७५ चौरस किलोमीटर. त्यांत अंदमान-निकोबार सुमारे ९६० आणि लक्षद्वीप सुमारे ८१६, तर कच्छचे आखात ४६० चौरस किलोमीटर. त्या काळी एका ठिपक्यात जमिनीचा कित्येक मीटरांचा चौकोन मावत असे: १९८८ साली सोडलेल्या पहिल्या आयआरएस उपग्रहाच्या दोन कॅमेऱ्यांत ७२ आणि ३६ मीटरचा. आज युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडउपग्रहांच्या प्रतिमा दहा मीटरच्या ठिपक्यांत, पाच दिवसांच्या अंतराने, कोणालाही विनामूल्य मिळतात. याहून बारीक, तीन-चार मीटरच्या प्रतिमांवरून जगभरच्या उथळ प्रवाळांचा ‘ॲलन कोरल ॲटलास’ हा नकाशा २०२१ मध्ये पूर्ण झाला.

कच्छमध्ये हे तंत्र चांगले चालले, त्यामागे एक युक्ती होती. तेथील प्रवाळ ओहोटीला उघडे पडतात, तेव्हा ऐन ओहोटीच्या वेळची प्रतिमा मिळाली की पाण्याचा अडथळाच उरत नाही. मात्र हे उपग्रह एखाद्या जागेवरून दर वेळी सकाळी साडेदहाच्या सुमारासच जातात; ओहोटी मात्र रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. दोन्हींचा मेळ बसेल अशा तारखा शोधाव्या लागतात आणि त्या दिवशी आकाश निरभ्र असावे लागते.

गोव्यात ओहोटी तेवढी खोल जात नाही. प्रवाळ पाण्याखालीच राहतात, आणि प्रकाश पाण्यातून जाऊन परत येताना बदलतो. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो. निळा आणि हिरवा अधिक खोल जातो, पण नितळ पाण्यात. तळ एकाच प्रकारचा असला तरी खोलीप्रमाणे तो वेगळा दिसतो. हा फरक गणिताने वजा करण्याच्या पद्धती १९७० च्या दशकाच्या अखेरपासून उपलब्ध आहेत. मात्र त्या गृहीत धरतात की पाणी सगळीकडे सारखेच स्वच्छ आहे. जुवारीच्या मुखावर हे गृहीतक सकाळ-संध्याकाळही टिकत नाही. त्यात भर म्हणजे लाटांवरून उसळणारी उन्हाची तिरीप. बेटाच्या कडेची प्रतिमा पाहिली तर तिच्यात तळ कमी आणि गाळ जास्त असतो.

पाणी नितळ असते, असे क्षणभर मानू. तरी दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे शंभर चौरस मीटरचा एक ठिपका. ग्रँड आयलंडजवळची प्रवाळ वसाहत अनेकदा स्वयंपाकघरातील परातीएवढी. एका ठिपक्यात खडक, वाळू, शैवाल, प्रवाळ सगळे मिसळून एकच रंग येतो. दोन खोल्यांच्या घराचा सरासरी रंग सांगून आतल्या फुलदाणीची अवस्था ओळखण्यासारखे हे आहे.

अंतिम अडचण मात्र सर्वांत मार्मिक. विरंजन झालेला पांढरा प्रवाळ आणि पांढरी वाळू वरून सारखीच दिसते. नंतर तो मेला आणि त्यावर शैवाल चढले की तो पुन्हा तपकिरी-हिरवट होतो, म्हणजे वरून पाहणाऱ्याला जिवंत प्रवाळासारखाच. आधी सांगितलेल्या क्रमातील पांढरा टप्पा काही आठवड्यांचाच असतो, आणि त्या आठवड्यांची निरभ्र प्रतिमा हाती नसेल तर उपग्रहाच्या नजरेत मध्ये काही घडलेच नाही.

मालवणच्या वायव्येस, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेला ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी भाग आहे. तेथे पाणी नितळ आहे, प्रवाळ विपुल आहेत. पण सर्वात उथळ भागही सुमारे वीस मीटर खोल. तळाच्या नकाशांची मर्यादा दहा-पंधरा मीटरपर्यंतच असल्याने तेथेही उपग्रह उंबऱ्यावरच थांबतो. एके ठिकाणी गाळ आड येतो, दुसरीकडे खोली. कोकण-गोव्याच्या पट्ट्यात, म्हणून, उपग्रह ताप सांगू शकतो. रोगी दाखवू शकत नाही.

फीत, चौकट आणि रंगांचा तक्ता

तो पाहायला माणूस पाण्यात उतरतो. सर्वेक्षणाची साधने दिसायला फारच साधी असतात. वीस किंवा पन्नास मीटरची मोजफीत तळावर सरळ ताणतात आणि तिच्याखाली काय येते ते सेंटिमीटरच्या हिशेबाने लिहितात: इतके जिवंत प्रवाळ, इतके मेलेले, इतकी वाळू, इतके शैवाल. लिहायला पाण्यात न विरघळणारी पाटी आणि पेन्सिल. दुसरी पद्धत चौकटीची. ठरावीक मापाची नळ्यांची चौकट तळावर ठेवून वरून छायाचित्र घेतात. नंतर संगणकावर त्या छायाचित्रावर वाटेल तेथे पडतील असे शंभर बिंदू टाकून, प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते तपासतात. शंभरपैकी तीस बिंदूंखाली जिवंत प्रवाळ सापडले तर आच्छादन तीस टक्के. कंटाळवाणे काम आहे. पण माणूस बदलला तरी पद्धत बदलत नाही, आणि छायाचित्र जपून ठेवले तर दहा वर्षांनी दुसरा कोणी ते पुन्हा तपासू शकतो.

प्रवाळ किती फिकट झाला, हे मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाने २००२ मध्ये रंगांचा तक्ता तयार केला. रंग लावणाऱ्याच्या दुकानातील छटांच्या पट्टीसारखा, फिकटापासून गडदापर्यंत सहा पायऱ्यांचा. पाण्यात तो प्रवाळाशेजारी धरायचा आणि जुळणारा आकडा लिहायचा. पाण्याचा नितळपणा तपासायला पांढऱ्या-काळ्या रंगाची तबकडी दोरीने खाली सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली. या साध्या मोजमापानेच उपग्रहाच्या प्रतिमेवर त्या दिवशी विश्वास ठेवावा की नाही, ते ठरते.

आकाशातून न कळणाऱ्या आणखी काही गोष्टी येथेच दिसतात: नांगराने फुटलेली वसाहत, अडकून राहिलेले जाळे, प्रवाळाच्या रोगाचे ठिपके, त्यावर चढलेला गाळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्तिका घडवणारे प्रवाळ आहेत, म्हणजे कागदोपत्री त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. ते फुटले हे कोणाला दिसलेच नाही, तर कायद्याला हालण्याचे कारण उरत नाही.

एकाच जागी पुन्हा पुन्हा उतरल्याने काय हाती येते, याचे आपल्याकडील सर्वात बोलके उदाहरण लक्षद्वीपचे. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ ते २०२२ या काळात केलेल्या सर्वेक्षणांवरून असे दिसून आले, की जिवंत प्रवाळांचे आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले. दर मोठ्या विरंजनानंतर प्रवाळ थोडे सावरत होते, पण पूर्वीइतके नाही. ही उतरण कोणत्याही एका प्रतिमेत दिसली नसती. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथेच पुन्हा व्यापक विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने जाहीर केले, तेव्हा तुलना करायला मागची नोंद हाताशी होती.

ग्रँड आयलंडजवळ संशोधकांनी वेळोवेळी पाहणी केली आहे, पण ती प्रामुख्याने त्या त्या संशोधन प्रकल्पांच्या चौकटीत झाली. खर्चाचा प्रश्न नाही असे नाही, पण तो फार मोठाही नाही. बोट रोज जातेच. प्रशिक्षित पाणबुडे, कॅमेरे, बेटाभोवतीच्या पाण्याची रोजची ओळख, हे सारे पर्यटन व्यवसायात आधीच आहे. खडकात पक्क्या खुणा ठोकून दर वेळी त्याच चौकटी छायाचित्रित करणे, आणि तारीख, खोली, तापमान यांसह ती छायाचित्रे एका ठिकाणी जमा करणे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पर्यटक हौसेने काढतात त्या चित्रफितींत नेमके हेच नसते: जागा कोणती, तारीख कोणती, आणि आकार समजायला शेजारी मोजपट्टी.

कॅलेंडरही गोव्याच्या बाजूचे नाही. पूर्व अरबी समुद्र सर्वाधिक तापतो तो एप्रिल-मे महिन्यांत, पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणजे उष्णतेची बेरीज वाढत असते नेमकी त्याच सुमारास पाण्यात उतरण्याचे दिवस संपत येतात. जूनमध्ये ढग आकाश झाकतात, नद्या गाळ आणतात, बोटी किनाऱ्याला लागतात. उपग्रह आणि पाणबुडा दोघेही एकाच वेळी आंधळे होतात. ऑक्टोबरात पाणी निवळून पुन्हा बुडी मारता येते, तोवर मेमध्ये पांढरा पडलेला प्रवाळ एक तर सावरून पुन्हा तपकिरी झालेला असतो, किंवा मरून शैवालाखाली गेलेला. दोन्हींतला फरक सांगायला मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातले छायाचित्र हवे.